हारासाठी जागा

समस्त महाराष्ट्रास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो आहे. विषय डिजिटल फोटोग्राफी, वर्ग पुण्याचा, सहल थेट वाराणसीला. कॅमेरा मेहुण्याचा, म्हणून भीती घरूनच बरोबर निघाली.

सकाळी नावेतून मणिकर्णिका घाट दिसला. "कॅमेरे बॅगेत," आमच्या सरांनी बजावलं. चिता जळत होत्या, नावाडी शांतपणे वल्ही मारत होता. मी मात्र डोळे घट्ट मिटले, ते पुढच्या घाटावर कचोरी-जलेबीचा वास आल्यावरच उघडले.

मग सरांनी अभ्यास दिला. एका अनोळखी माणसाचा फोटो काढायचा. चौकटीचे आडवे तीन भाग कल्पायचे आणि डोळे वरच्या रेषेवर आणायचे. मी दूधविनायकाच्या गल्लीत शिरलो. समोरून सांड (वळू) आला आणि मी "आई गं!" करत एका घराच्या पायरीवर उडी मारली.

"घाबरलात मराठीत. या आत," दारातून एक आजीबाई म्हणाल्या. या सुमतीकाकू. पिढ्यान्पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरातल्या, शहाऐंशी वर्षांच्या, निवृत्त गणित शिक्षिका.

"कॅमेरा चालवता येतो?"

"शिकतोय."

"चालेल. माझा हाराचा फोटो खिंचा (काढा)."

"कसला हार?"

"मी गेल्यावरचा! नाहीतर भाचा आधार कार्डावरचा लावेल. त्यात मी फरार दिसते. मरायचं काही नाही हो, पण भिंतीवर जन्मभर तसं राहायचं?"

मी बटण दाबलं आणि काकूंनी मनावर घेतलं तर? काशीत लोक मोक्षाला येतात हे ठीक. तो माझ्या हातून नको होता.

"हाराला जगह ठेवा," त्यांनी बजावलं. "आमच्या ताईच्या फोटोत ओठांपर्यंत झेंडूच झेंडू आहे."

पहिला फोटो बघवेना. खोली अंधारी, शटर संथ, कॅमेरा हललेला. काकू धुरासारख्या विरल्या होत्या. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तो मी न दाखवताच पुसला.

"काय झालं? परेशान का होताय?"

"काही नाही. जरा खिडकीजवळ बसता? आणि हलू नका."

खिडकीचा उजेड गालावर आला. कॅमेरा पितळी डब्यावर टेकवला, श्वास रोखला, डोळे वरच्या रेषेवर आणले, तर खाली हारापुरती जागा आपोआप सुटली! खट्. काकू हलेनात. पापणीसुद्धा नाही.

"काकू!" मी किंचाळलो.

"खिंचला का?" ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

पुण्यात परतल्यावर सर म्हणाले, प्रकाश बरा साधलाय. मला एवढंच उमगलं, की जिवंत माणसाला चौकटीत बसवताना थोडं घाबरलेलंच बरं. पण खरी परीक्षा त्या खिडकीजवळच झाली होती. काकूंनी चष्मा चढवला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला बराच वेळ निरखलं आणि एकदम म्हणाल्या, "अगोबाई, ही एवढ्यात कुठली मरतेय!"