आषाढीआधीचा शेवटचा मुहूर्त

माझ्या भाचीचे लग्न जून महिन्यात, आषाढी एकादशीच्या आधीच्या शेवटच्या मुहूर्तावर, बाळापुरात झाले. तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घेतली. आधी शपथ आणि मग लग्न झाले असते, तर भाचीचा अर्ज जिवंत राहिला असता.

भावजी वारल्यावर ताई अमेरिकेत मुलाकडे गेली होती. भाचा तिकडचा नागरिक होता, त्यामुळे आईला ग्रीन कार्ड मिळायला फार वेळ लागला नाही. भाची अकोल्यातच राहिली. जठारपेठेतल्या फ्लॅटमध्ये ती आणि तिची आजी, म्हणजे भावजींची आई, अशा दोघीच होत्या. भाची एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचे काम करायची. आजीला चालता येत नव्हते, आणि तिच्याजवळ कोणीतरी लागणार होते.

ताईने तिकडे पोचताच मुलीसाठी अर्ज केला. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला अविवाहित मुलासाठी किंवा मुलीसाठी अर्ज करता येतो. मुलगी कितीही वयाची असली तरी चालते. विवाहित मुलीसाठी येत नाही. तो अधिकार फक्त नागरिकाला आहे. अर्ज रांगेत असताना आणि आई नागरिक होण्याआधी मुलीने लग्न केले, तर अर्ज त्याच दिवशी आपोआप रद्द होतो. आई नागरिक झाल्यानंतर लग्न केले, तर अर्ज विवाहितांच्या रांगेत जातो, पण रांगेतली जुनी जागा टिकते. हे सरकारी संकेतस्थळावर सरळ लिहिलेले आहे. मी ते वाचले तेव्हा लग्न होऊन गेले होते.

आजी आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये गेली. तेराव्याला अंजनगाव सुर्जीहून भाचीचे मोठे काका आले होते. त्यांचा तिकडे केळीचा आणि पानमळ्याचा कारभार आहे. भावजींच्या मागे घरातले निर्णय तेच घेत. भाचीसाठी बाळापूरचे एक स्थळ तेव्हा जवळपास ठरलेले होते. मुलगा तिथल्या ज्युनियर कॉलेजात शिकवतो. पंगत उठल्यावर काकांनी विषय काढला.

"घरात मयत झाली. आता वर्षाच्या आत लगन करा लागते, नाही तं तीन वर्ष थांबा लागते. पोरगी तीस पार करून राहिली. थांबते काय पोरगा तीन वर्ष?"

मी अमरावतीच्या एका वर्तमानपत्रात काम करतो. मी विचारले, ताईच्या अर्जाचे काय.

"त्याचं काय? जोडीनं जातीन. एकटी पोरगी धाडण्यापरीस जावई संग असला तं बरंच हाय. तुमाले पेपरवाल्याले सगळ्यातच भानगड दिसते, भाऊ."

कोणी वाद घातला नाही. ताईने फोनवर विचारले ते एवढेच, की मुलाचे दात कसे आहेत. नागरिकत्वाची तिची मुलाखत एप्रिलमध्ये झाली, ती पास झाली, शपथेचे पत्र यायचे होते. वर्षश्राद्ध सप्टेंबरमध्ये होते. म्हणजे शपथ झाल्यावरही लग्न वर्षाच्या आत बसत होते. पण आषाढीला देव झोपतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतो. म्हणून जून.

मंगलाष्टकांच्या वेळी भाचीच्या मैत्रिणीने मोबाइल उंच धरला होता. ताईने तिकडे तांदळाला हळद-कुंकू लावून ठेवले होते आणि प्रत्येक "सावधान"ला ती ते पडद्यावर टाकत होती. भाचा नंतर म्हणाला, गालिच्यातले दाणे तो आठवडाभर वेचत होता.

शपथ झाल्यावर त्याने वकिलाला जावयाचे नाव अर्जात घालायला सांगितले. वकिलाने लग्नाची तारीख विचारली. मग भाच्याचा मला अमरावतीला फोन आला. तो बराच वेळ इंग्रजीत बोलत होता. शेवटी मराठीत म्हणाला, "मामा, अर्ज संपला."

ताईने नागरिक म्हणून नवा अर्ज केला. ती विवाहित मुलांची रांग. वकिलाच्या अंदाजाने दहा वर्षांपेक्षा बरीच जास्त. ताईचे वय तेव्हा अडुसष्ट होते. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे कळले आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. हृदयही कमजोर होते. तिकडच्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. ताई इकडे येऊ शकत नव्हती. प्रश्न एवढाच उरला, की भाची तिकडे वेळेत जाऊ शकते का.

तिने पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला. मुलाखतीसाठी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत तिच्यासोबत मी गेलो होतो आणि बाहेर रस्त्यावर उभा होतो. व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट आत ठेवून घेतात, नाकारला तर खिडकीतच परत देतात. ती बाहेर आली तेव्हा पासपोर्ट हातात होता. आई तिकडे, भाऊ तिकडे, आणि कायम राहण्याचा अर्ज आधीच दाखल. परत येण्याची खात्री पटत नाही, असे तिला सांगण्यात आले.

त्यानंतर आम्ही अमरावतीतल्या एका सल्लागाराकडे गेलो. काका मुद्दाम अंजनगावहून आले होते. सल्लागाराने विचारले, लग्नाची नोंदणी झाली आहे का. झाली नव्हती.

"मग लग्न झालंच नाही असं समजा. जुना अर्ज चालू आहे असंच दाखवू."

"अन् आठशे माणूस जेवलं, त्याचं काय?" काका म्हणाले. "त्याइच्या तोंडाले पट्टी लावता काय?"

सल्लागार हसला नाही. त्याने दुसरा मार्ग सांगितला. कागदोपत्री घटस्फोट घ्यायचा. मुलगी पुन्हा एकटी. नागरिक आईच्या एकट्या मुलीची रांग विवाहितांपेक्षा लहान. तिकडे गेली की पुन्हा लग्न करायचे, याच नवऱ्याशी. हा बनाव आहे आणि उघडकीला आला तर तिला कायमची बंदी होऊ शकते, हे मी बोललो. सल्लागार म्हणाला, होऊ शकते.

परतताना काका आणि मीही भाची-जावयासोबत त्यांच्या गाडीत अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर गेल्यावर गाडी चालवत असलेला जावई म्हणाला, "मामाजी, मी सही करतो. कागदच तं हाय."

"तुमी गाडी पाहा," भाची म्हणाली.

"आईची तब्येत पाहून म्हणतो ना मी."

"माहीत हाय मले. अन् पोटातल्याले काय सांगू? तुया बापानं तू यायच्या आधीच सोडचिठ्ठी देली म्हनून?"

ती गरोदर असल्याचे आम्हाला असे कळले. काकांनी खिडकीकडे तोंड केले. थोड्या वेळाने ते मला हळूच म्हणाले, "भाऊ, नातवासाठी आजीले अर्ज करता येत असन ना? म्हनजे पोरगं जाईन, अन् पोरासंग माय."

येत नाही. आजीने नातवासाठी करायचा असा कोणताही प्रवर्ग त्या कायद्यात नाही. नातवंड फक्त आईबापाच्या अर्जाच्या मागे जाते, आणि तेही वयाची मर्यादा ओलांडली नसेल तर. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "आजीले नातू दिसू नाई, असा कायदा कोनं काहाडला?" त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यासमोर वर्षाच्या आतल्या लग्नाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

मुलगा अकोल्यात झाला. ताईने त्याला फोनवर पाहिले. डायलिसिसच्या खुर्चीवर ती असायची तेव्हा भाची इकडे मोबाइल उशीला टेकवून मुलाला समोर ठेवायची. ताई थकली की फोन बंद न करता डोळे मिटायची. एकदा ती मला म्हणाली, "याले घेऊन यायचं तिले जमत नसन, तं तिनं एकटीनं यावं. मले तिलेच पाहायचं हाय. हा मले वळखत बी नाही."

भाचीने पर्यटक व्हिसासाठी दुसऱ्यांदा अर्ज केला तो या बोलण्यावर. मुलाचा अर्ज मुद्दाम केला नाही. तान्हे मूल मागे ठेवून जाणारी बाई परत येईलच, असा हिशेब होता. हा हिशेब कोणाचा होता, ते मला नक्की सांगता येत नाही. चौघांच्या बोलण्यातून तो तयार झाला. तिच्यासोबत तिकडच्या हॉस्पिटलचे पत्र होते, नवऱ्याच्या नोकरीचा दाखला होता, मुलाचा जन्मदाखला होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "मामा, तिथं इचारलं, पोराले सोडून कशी जातं, तं काय सांगू?"

मी म्हणालो, खरे तेच सांग.

"खरं काय हाय, तेच तं मले समजून नाही राहिलं."

मुलगा पाच महिन्यांचा होता आणि अंगावरच पीत होता. त्याला बाळापुरात जावयाच्या आईजवळ ठेवले. ती आणि जावई मुंबईला गेले. मुलाखत सकाळी झाली. मुलाबद्दल विचारले गेले नाही. आई किती आजारी आहे, हे विचारले आणि हॉस्पिटलचे पत्र वाचले, असे तिने जावयाला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोला स्टेशनवर होतो. जावई बॅग घेऊन पुढे आला. भाची मागे होती. तिचा कुडता दुधाने भिजला होता आणि वरून तिने ओढणी घट्ट धरली होती. मी पासपोर्टबद्दल विचारले. तिने पर्स उघडून दाखवली. पासपोर्ट आत होता.