झालरीखाली चालू राहिलेला वर्ग

टॅबवर कव्हर घातलं की ऑनलाइन वर्ग बंद होतो, असा माझा समज होता. आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आहे.

या समजाला कारण होतं. नातवंडांनो, तुम्ही पाठवलेल्या टॅबला मी फ्रिजच्या कव्हरमधून उरलेल्या कापडाचं झालरीचं कव्हर शिवलं (आपल्या अंबरनाथच्या घरात मिक्सर, टीव्ही, इस्त्री, सगळ्यांना अंगभर कपडे असतात, हे तुम्ही जाणताच). आमच्या ज्येष्ठांच्या वर्गाच्या मॅडम वेळ संपली की त्यांच्याकडून सगळं बंद करायच्या. त्याच क्षणी मी "थँक यू" म्हणून कव्हर घालायची. दोन महिने बिनतक्रार चाललं. कशामुळे काय बंद होतंय, हे विचारायची वेळच आली नाही.

त्या वर्गाची मी मॉनिटर. घरात एकट्या पडलेल्या माणसांनी आठवड्यातून एकदा जमावं, गप्पा माराव्यात, गाणी म्हणावीत, एवढाच उद्देश होता. मी त्याला शिस्त लावली. हजेरी आडनावाप्रमाणे. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं. आणि दुःखाचे विषय टाळावेत.

शेवटचा नियम खास बदलापूरच्या सुमनआजीसाठी. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण, तिचे यजमान वसंतराव गेल्यापासून घरात एकटीच असते. फोनवर "हं" आणि "बरं" यापलीकडे शब्द नाही. मीच तिला वर्गात ओढली. ती यायची, हजेरीला "हं" म्हणायची आणि तासभर पंख्याकडे बघत बसायची. एका शुक्रवारी वर्गाआधी तिचा फोन आला.

"वहिनी, आजच्यानंतर माझं नाव कमी कर. मला नाही जमत."

नेमकी त्याच दिवशी मॅडमकडची लाईट गेली. मॅडम पडद्यावरून गायब झाल्या. मी गंभीर आवाजात जाहीर केलं, "आजचा वर्ग इथेच संपला," आणि कव्हर घातलं.

वर्ग संपला नव्हता. मॅडम परत येतील या आशेने सगळे बसून होते.

"कसा झाला वर्ग?" आजोबांनी विचारलं.

"कसा होणार? सिंधी कॅम्पातल्या लाजवंतीबाईंना गुडघ्यांशिवाय विषय नाही. दोन मिनिटांत एकच गुडघा होतो, दुसरा पुढच्या शुक्रवारी."

"आणि आपली सुमी?"

"सोडते म्हणते. मी आणखी काय करायचं? वसंतरावांचा विषयसुद्धा कुणाला काढू देत नाही मी."

आजोबा म्हणाले, "आज बोंबलाचं कालवण सुमीसारखं कर. तू चिंच फार घालतेस."

झालं. माणसाने काय काय ऐकून घ्यायचं?

"सुमनच्या कालवणात बोंबील पोहायचे! वसंतरावांनी बिचाऱ्यांनी इतकी वर्षं गोड मानून घेतलं."

"अगं, त्याला रस्सा म्हणतात."

"रस्सा? त्यात मी साड्या भिजवल्या असत्या."

झालरीखालून आवाज आला, "दोन-दोन वाट्या मागून प्यायचे ते."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिक्सरकडे पाहिलं. मग कव्हर उचललं. चौदा चेहरे माझ्याकडे बघत होते.

"मॉनिटरजी, हम सब इधर ही हैं," लाजवंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसरा घुटना आज बोलू काय?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं (धरणीने नाही, तर निदान त्या टॅबने तरी). पण सुमन थांबली नव्हती.

"आजारपणात पण हेच मागितलं त्यांनी. डॉक्टरने मीठ बंद केलेलं. बिनमिठाचं करून दिलं, तर एक घास खाऊन म्हणतात कसे, 'आज वहिनींकडून डबा आलाय का?'"

आणि ती हसली. हसता हसता रडली, आणि डोळे पुसून पुन्हा हसली.

"सगळे येतात, चहा पितात, पाण्याच्या टँकरबद्दल बोलतात. आठ महिन्यांत माझ्या माणसाचं नाव कुणी घेतलं नाही गं वहिनी. आज ऐकलं, ते तुझ्या भांडणात."

"बोल बेटा," लाजवंतीबाई म्हणाल्या. "दो मिनिट का नियम मॉनिटर के लिए है. हमारे पास टाइम है."

सुमन चाळीस मिनिटं बोलली. मग लाजवंतीबाई त्यांच्या यजमानांबद्दल बोलल्या, गुडघ्याचा एकदाही उल्लेख न करता. माझे नियम कुणी रद्द केले नाहीत. ते असल्याचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सुमनने नाव कमी करायचा विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.

आता वर्गानंतर आमचं भांडण ऐकायला दहा मिनिटं सगळे थांबतात. मागच्या शुक्रवारी मी फोडणीवरून सुरुवात केली, तर आजोबा सर्वांसमक्ष म्हणाले, "तुझंच बरोबर आहे." चव्वेचाळीस वर्षं या वाक्याची वाट बघितली मी. डोळ्यांत पाणी आलं.

"वहिनी," सुमन म्हणाली, "आज काही मजा नाही आली."