विहिरीतली चिलखती पाठ

पदवीच्या शेवटच्या वर्षी सेमिनारसाठी वर्गातल्या बाकीच्यांनी रेशीमकिडा, गांडूळखत असे विषय घेतले. मी अँकिलोसॉर घेतला. अंगावर चिलखत असलेला, झाडपाला खाणारा डायनासोर. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याच्यावर जेमतेम दोन पानं मिळाली. बाकीचं मी मंगरूळपीरहून गावी येताना बसमध्ये मोबाइलवर वाचलं आणि वहीत उतरवलं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा विहिरी खोदतात. चार माणसांची टोळी, एक क्रेन आणि दुसऱ्याचं शेत. माझ्या शिक्षणाबद्दल ते कधी फार बोलले नाहीत, पण संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसले की म्हणायचे, "हं, वाच. काय म्हन्ते तुहं जनावर?"

मी वाचायची. त्याचं अंग बुटकं आणि रुंद, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखं. पाठीवर हाडाच्या चकत्यांच्या ओळी. त्या सांगाड्याला जोडलेल्या नसतात, कातडीतच वाढतात. दात मात्र बारीक, पानाच्या आकाराचे, म्हणून चावणं कमी आणि पोटात आंबवणं जास्त. काही जातींत तर पापणीवरही हाड असतं.

"पापनीवरबी?" बाबा हसले. "मंग त्याले भेव कायचं?"

"पोटाचं. पोट मऊ असतं. शत्रू आला की पाय दुमडून पोट जमिनीला चिकटवून बसत असावा, असा अंदाज आहे."

शेपटीबद्दल ऐकताना ते पुढे सरकले. टोकाला हाडाचा गोळा आणि त्याआधीचे मणके एकमेकांत घट्ट अडकून काठीसारखे ताठ झालेले. पुस्तकात त्याचं कारण समजवायला अर्धं पान लागलं होतं. बाबा लगेच म्हणाले, "बराबर आहे. घनाचा दांडा लवला तं घाव बसत नाही."

सेमिनारला मी हेच वाक्य प्रमाण मराठीत सांगितलं. सरांनी शाबासकी दिली. ती कोणाची होती, हे मी सरांना सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांच्या टोळीनं धनजकडे एक विहीर धरली होती. एका दुपारी ते जेवायलाच घरी आले आणि दारातून म्हणाले, "चाल व, तुह्या जनावराची पाठ निघाली."

मी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेले. काठावरून वाकून पाहिलं. पंचवीसेक फुटांवर, पिवळसर मुरमाच्या भिंतीत, गोल गोल दगडांच्या तीन ओळी बाहेर आल्या होत्या. प्रत्येक दगडावर कांद्यासारखी सालं. खालची ओळ मोठी, वरची लहान. ऊन तिरपं पडलं होतं आणि खरोखर एखादं मोठं जनावर भिंतीत तोंड खुपसून बसल्यासारखं दिसत होतं.

शेतमालक काका माझ्याकडे बघत होते. टोळीतले तिघेही बघत होते. बाबा म्हणाले, "हिनं शिकलं आहे ते. सांग यायले."

मला माहीत होतं की आमच्याकडचा दगड लाव्हाचा आहे. लाव्हात हाड टिकत नाही. भेगांतून पाणी झिरपलं की अशा दगडांचे कोपरे झिजतात, सालं सुटतात आणि ते गोल होतात, हेही वाचलेलं होतं. पण इतकी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत आहेत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"असू शकतं," मी म्हणाले. "सरांना फोटो दाखवावा लागेल."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी शेतमालकानं त्या दगडांना शेंदूर फासला, नारळ फोडला आणि बजावलं, "याले सब्बल लागली नाही पाह्यजे, सांगून ठेवतो." बाबांनी हात जोडले नाहीत, आमच्या घरी ती रीत नाही. त्यांच्यासाठी माझा शब्द पुरेसा होता.

विहीर खोदणाऱ्यांचा एक साधा नियम असतो. भिंतीत गोटे लागले की आधी ते सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, पाडायचे आणि मगच खाली खोदायचं. बाबांनी आजवर तो कधी मोडला नव्हता. या वेळी मोडला. दगड तसेच राहिले आणि टोळी त्यांच्याखाली आणखी आठ फूट उतरली.

चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. खाली बाबा एकटेच घण मारत होते, बाकीचे वर क्रेनपाशी. प्रत्येक घावासरशी शेंदरी दगडांच्या मधून मुरमाची बारीक धार गळत होती, फाटक्या पोत्यातून गहू गळावा तशी. घाव थांबला तरी धार थांबली नाही.

"बाबा, वर या."

"काहून?"

"ते जनावर नाही. दगड आहेत."

त्यांनी घण खाली ठेवला. मग, "तू तं म्हनली होती."

"मी खोटं बोलले. या ना वर!"

ते क्रेनच्या बादलीत उभे राहिले. क्रेनवाल्यानं दांडा ओढला. बादली दगडांच्या समोर आली, तेव्हा बाबांनी हात वर करून थांबवायला सांगितलं. मला वाटलं, त्यांना जवळून बघायचं असेल. त्यांनी तळहात एका दगडावर ठेवला, शेंदूर हाताला लागला, दगड हाताखाली हलला, आणि ते लगेच ओरडले, "वढ! वढ!"

बादली काठाला लागायच्या आत खालची ओळ सुटली. आवाज आधी फार मोठा झाला नाही, पोट गुरगुरावं तसा आला. मग वरच्या दोन्ही ओळी तिच्या मागोमाग गेल्या आणि धुळीनं विहिरीचं तोंड भरून गेलं.

शेतमालक धावत आले. त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बांधावर जाऊन बसले. महिनाभराचं काम खाली गाडलं गेलं होतं. बाबांचा घणही.

बाबा मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी धूळ बसू दिली. मग काठावर उकिडवं बसून भिंतीकडे बोट दाखवलं. पडलेल्या दगडांच्या मागे पोकळी झाली होती, आणि तिच्या आत, ओल्या मुरमात, गोल दगडांची आणखी एक ओळ दिसत होती. पहिलीपेक्षा मोठी. आमच्या पायांखालच्या जमिनीत पुढे गेलेली.

"आता सांग," ते म्हणाले. "मी उतरतो, त्याच्या अगोदर सांग."

"दगड आहेत, बाबा. लाव्हाचे. सुटणार आहेत. उतरू नका."

त्यांनी मान डोलावली आणि क्रेनवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.