गाडी ओढत नव्हती

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. नवऱ्यालेही नाही — आणि त्याच्यापासून तर मी भाजीवालीशी झालेलं भांडणही लपवत नाही. तुम्हाले सांगून राहिली, कारण तुम्ही माझ्या बहिणीले ओळखत नाही.

वैशू माझी धाकटी बहीण. सक्करदऱ्यात आमच्याच भागात राहते. नोकरी पारशिवनीच्या शाळेत. रोजचं जाणं-येणं एसटीनं, बसायले जागा मिळाली तर दिवाळी. मी नवीन गाडी घेऊन राहिली होती, तर तिले म्हटलं, जुनी तू घे. चालवायलेही मीच शिकवलं. फार लवकर शिकली. माझ्यापेक्षा चांगली चालवायची, हे मले तेव्हाही दिसत होतं — आणि थोडं टोचतही होतं.

पाहा, गाडीचं सांगायचं सोडून मी बाकी सगळं सांगून राहिली.

त्या गाडीले एक खोड होती. उन्हात लांब चालवली, की अचानक दम सोडायची. ठोका नाही, आवाज नाही — तुम्ही रेस दाबा, गाडी ओढतच नाही. माझ्यासोबत झालं होतं हे, कामठी रोडवर, भर मे महिन्यात. झाडाखाली उभी केली, थंड झाली, मग पुन्हा शहाण्यासारखी चालली. मेकॅनिक म्हणाला, टाकीतला पंप तापला की पेट्रोल उचलत नाही, बदलून टाका. मी म्हटलं, आता गाडी द्यायचीच आहे, तर कशाले?

वैशूचा नवरा सुधाकर म्हणाला होता, "एकदा मेकॅनिकले दाखवाची का?" वैशू त्याच्यावरच चिडली. "ताईची गाडी आहे, मेकॅनिकले काय दाखवाची? बहिणीवर भरोसा नाही का मले?" आमच्यात असंच असते. बाहेरची गाडी घेताना लोक बॉनेटमध्ये डोकं घालून पाहतात, पण घरच्या माणसाची वस्तू पारखली तर तो अपमान. वैशूनं गाडीले ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पहिला पेढा मले दिला. आमच्या आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, मोठी बहीण असावी तर अशी. मी हसली. तेव्हा सांगता आलं नसतं का? एवढंच तर म्हणायचं होतं — वैशू, पंप बदलून घेजो. तिनं बदलला असता, आणि पहिला पेढा तरीही मलेच दिला असता. पण आत्याचं ते कौतुक जरा कमी झालं असतं. म्हणून नाही सांगितलं. दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी ते दोघं पारशिवनीहून येत होते. सुधाकर मागच्या सीटवर झोपला होता. वैशू एका ट्रकले ओव्हरटेक करत होती, आणि मधातच गाडीनं दम सोडला. मागून टेम्पो आला. वैशूले खरचटलं फक्त. सुधाकरच्या खुब्याचं हाड मोडलं. जिना चढायले त्याले अजूनही माणूस लागतो.

दवाखान्यात ती एकच बोलून राहिली होती. "ताई, मी रेस दाबून होती वं. पूर्ण दाबून होती. गाडी ओढतच नव्हती." तिचा दीर म्हणाला, बाईच्या हाती स्टिअरिंग दिलं की हेच होते. मग सगळे माझ्याकडे पाहायले लागले. इतकी वर्षं गाडी माझीच होती ना! आणि मी — मी म्हटलं, "घाबरून क्लच दाबला असशील. नवीन माणसाचं होते असं."

वैशूनं आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, असन." स्वतःच्या पायापेक्षा तिनं माझ्यावर भरोसा ठेवला. काही दिवसांनी गाडी भंगारात गेली, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवली. वाईट वाटलं का? वाटायले पाहिजे होतं. आत काही हललंच नाही. आता हे सांगतानाही हलून नाही राहिलं.

वैशू परत एसटीनं जाते. कोणी विचारलं की स्वतःच सांगते, माझ्यामुळं झालं यांचं असं. मी बाजूले बसून ऐकते.

मागच्या रविवारी ती आली होती, तिच्या पोरीले घेऊन. रेवाले नुकतीच नोकरी लागली आहे. म्हणाली, "मावशी, मले गाडी शिकव ना." वैशू एकदम बोलली, "नको वं! आपल्याच्यानं नाही होत ते. बापाचं पाहिलं ना तू? ताई, तूच सांग हिले. तुहं ऐकन ती."

रेवा माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती.

मी म्हटलं, "तुझी आई बरोबर सांगून राहिली."