शंभरातली बहात्तर घरं

जबलपूरच्या ओमती भागात एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत गुणवंत सर निबंध शिकवतात. हो, नुसता निबंध! गणिताच्या शिकवण्या शहरात पैशाला पासरी. पण आपलं म्हणणं समोरच्याला पटवून कसं द्यावं, हे शिकवणारे ते एकटेच. कचेरीतून निवृत्त होऊन घरी बसले आणि बायकोच्या फोडणीत मोहरी किती यावरही वाद घालू लागले, तेव्हा विनताबाईंनीच त्यांना फळा आणून दिला. "पोरांना शिकवा आणि मला सोडा," म्हणाल्या.

आणि शिकवतात चांगलं, खोटं कशाला बोला? "एका परिच्छेदात एकच मुद्दा. मुद्दा मांडला की पुरावा. पुरावा दिला की तो मुद्द्याला कसा लागू पडतो ते सांगा. नुसतं 'असं व्हायला पाहिजे, तसं व्हायला पाहिजे' म्हणून गळा काढू नका!" पोरं घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, पण सरांकडे बसली की लिहायला लागतात.

घोडं अडायचं ते पुराव्यापाशी. एकदा एका मुलीला पुरावा काही सुचेना. सरांनी घाईघाईत ठोकून दिलं, "लिही, सिहोऱ्यात झालेल्या एका सर्वेक्षणानुसार शंभरातल्या बहात्तर घरांत..." कसलं सर्वेक्षण अन् कसलं काय! पण मुलीचा पहिला नंबर आला. मग काय, सरांना चटकच लागली. विषय प्रदूषणाचा असो की मोबाइलचा, सिहोऱ्यातली ती बहात्तर घरं मदतीला हजर.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या निबंध स्पर्धेला विषय होता, 'मुलग्यांना घरकाम शिकवावं का?' लाइनमन तुळशीरामची अमिता सरांकडे यायची. तिनं आपल्या मनानं एक परिच्छेद लिहून आणला. आई कावीळ होऊन दवाखान्यात पडली, तेव्हा बाबांना साधा चहासुद्धा येत नव्हता. फोनवर आईला विचारून विचारून ते पोळ्या शिकले. लहानपणीच कोणी शिकवलं असतं, तर सलाइन लावलेल्या हातात फोन धरून आईला कणीक कशी मळायची ते सांगावं लागलं नसतं.

सरांनी तो दोनदा वाचला. तरीही त्यांनी लाल पेन उचलला आणि सगळा परिच्छेद खोडला. "घरचं उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, बेटा. परीक्षकांना आकडा लागतो," म्हणाले आणि तिला सिहोऱ्याचं सर्वेक्षण लिहून दिलं.

मंडळाची एक जुनी रीत आहे. पोरांना सबंध निबंध मराठीत वाचणं जड जातं, म्हणून बक्षिसांच्या आधी प्रत्येकानं आपला सगळ्यात जोरदार परिच्छेद तेवढा माइकवर वाचायचा. यंदा सगळ्या पोरांना तेच सर्वेक्षण लिहून देताना सरांच्या हे ध्यानातच आलं नाही. दीप्ती आली, सिहोरा, बहात्तर. तनय आला, सिहोरा, बहात्तर. लोक गालातल्या गालात हसू लागले. अजिंक्य गडबडला आणि सत्तावीस म्हणाला, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, बाकीची घरं कुठं गेली?" सगळं सभागृह खो-खो हसलं. तिसऱ्या रांगेत सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

मग अमिता उभी राहिली. तिनंही तेच वाचलं. प्रमुख पाहुण्या क्षमाताई मात्र हसल्या नाहीत. त्या सिहोऱ्याच्याच, तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मी जन्मापासून तिथंच राहते. हे सर्वेक्षण कोणी केलं गं?"

अमितानं सरांकडे पाहिलं. सरांना ते चांगलं दिसलं. उठायचं आणि 'मी' म्हणायचं, बस! त्यांनी मान खाली घातली आणि चष्मा पुसत बसले.

"मी... मीच मनानं लिहिलं. बाकीच्यांनी माझ्या वहीतून घेतलं," अमिता म्हणाली.

"खोटा पुरावा देऊ नये, बेटा. हुशार आहेस तू," क्षमाताई म्हणाल्या. त्या प्रेमानंच बोलल्या, पण ऐकलं सगळ्यांनी. अमिता खाली उतरली ती कोणाकडे न बघता.

बक्षिसं झाली, चहा सुरू झाला. सर कोणाच्या नजरेला नजर न देता जिन्याकडे सटकले. जिन्यावर तुळशीराम उभा. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शेजारी अमिता होती, रडून नाक लाल झालेली.

"सर, जरा थांबा जी," तुळशीराम म्हणाला. "पोरगी चारचौघांत खोटी पडली. तुमचं नाव खराब केलं हिनं. मी बोलून राहिलो, पण माझं ऐकून नाही राहिली, नुसती रडते. तुम्हाला मानते ती. तुम्ही दोन शब्द सुनवा हिला."

अमिता सरांसमोर येऊन उभी राहिली. बोलणी खायची तयारी करूनच आली होती. बापाजवळही तिनं सरांचं नाव काढलं नव्हतं!

सरांनी एकदा जिन्याखाली पाहिलं, एकदा अमिताकडे. शेवटी म्हणाले, "तिनं खोटं नाही लिहिलं, तुळशीराम. ते सर्वेक्षण माझं. मीच मनानं रचलं. तिनं तुमच्यावर लिहिलं होतं, खरं आणि फार चांगलं. मी खोडलं."

"माझ्यावर?" तुळशीरामनं लेकीकडे पाहिलं. "काय लिहिलं होतं गं?"

"पोळ्यांचं," अमिता पुटपुटली.

तुळशीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सरांकडे वळला. आवाज चढवला नाही, 'जी'सुद्धा सोडलं नाही.

"मग हे वर माइकवर काहून नाही सांगितलं जी? माझी पोरगी एकटी उभी होती तिथं."

लेकीचा हात धरून तो जिना उतरून गेला. वर सभागृहात माणसं अजून होती, क्षमाताई चहा पीत होत्या, माइकही चालूच होता. गुणवंत सर मधल्या पायरीवर उभे राहिले, आणि त्यांचे पाय काही वर वळेनात.