मधूनच विचारणारे गुरुजी

विनायकगुरुजींनी कुणाला पहिल्यापासून काही विचारलं, असं मला आठवत नाही. ब्रह्मा घाटाजवळच्या वेदपाठशाळेत ते मुलांची परीक्षा घेत. संहितेतला मधलाच एखादा शब्द उच्चारायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "हां, पुढे." मुलगा अडला तर रागवत नसत. त्याला एकच शब्द द्यायचे आणि थांबायचे. त्या थांबण्याला मुलं छडीपेक्षा जास्त भ्यायची.

मलाही त्यांनी मधूनच धरलं. यात्रा कंपनीच्या बसबरोबर स्वयंपाकीण म्हणून मी वाशीमहून उत्तरेतल्या या तीर्थाच्या गावी आले होते. कंपनी इथेच बुडाली आणि मी मराठी यात्रेकरूंच्या धर्मशाळेत पोळ्या लाटायला राहिले. गुरुजी दुपारी तिथे जेवत. एक दिवस ताटावरून मान वर न करता म्हणाले, "शाळा नववीत सोडलीस म्हणे. शेवटचं काय चाललं होतं?"

"त्रिकोण."

"हां, पुढे."

पुढचं येत नव्हतं. मग रोज जेवणानंतर अर्धा तास त्यांनी मला शिकवलं. मुक्त विद्यालयातून मी दहावी झाले, मग बारावी. दक्षिणा म्हणाल तर वाटीभर ताक. तेही प्यायचे आणि म्हणायचे, "दूध महंगं झालंय का बेटा? ताकातून घाट दिसतोय."

तरी माझी धास्ती जाईना. हातातली कढई सुटली की मला कोण विचारणार? आईच्या दोन पाटल्या तेवढ्या होत्या. अशात शहराच्या सिगरा भागातल्या एका खासगी संस्थेचा कागद हाती पडला: पदवीच्या पहिल्या वर्षातच बिझनेसचं सर्टिफिकेट, पुढे नोकरीची हमी. फी पाटल्यांएवढीच. आधी गुरुजींना दाखवला.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. मला वाटलं, उडवून लावतील. पण म्हणाले, "कागद लागतो गं. मला सगळी संहिता पाठ, पण कॉलेजात जागा निघाली तेव्हा डिग्री कुठाय म्हणाले. ज्याला ती जागा मिळाली, तो अडलं की माझ्याकडे यायचा. म्हणून कागदाला नावं ठेवू नकोस. मात्र पाटल्या कुणाच्या हातात देतेस, ते बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो. खोलीभर गुलाबाच्या फवाऱ्याचा वास, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं. त्यांच्यावरही धूळ. टाय लावलेला अंकित नावाचा तरुण मला 'मॅडम' म्हणत होता आणि बोलताना नजर माझ्या हातातल्या पाटल्यांवर ठेवत होता. "मैंने भी यही कोर्स किया है. आज के आज ॲडमिशन लीजिए, मॅडम. सीटें भर रही हैं." बाहेरच्या वर्गांना कुलपं होती.

गुरुजींनी टेबलावरचं अभ्यासक्रमाचं पुस्तक मधेच उघडलं, अर्धं वाक्य वाचलं आणि डोळे मिटले. "हां, आगे?"

"जी?"

"आप ही ने किया है न ये कोर्स? आगे बोलिए."

अंकित हसला. मग हसायचा थांबला. गुरुजींनी एक शब्द दिला आणि वाट पाहिली. अंकितने फीचं पावतीपुस्तक पुढे ओढलं.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो होते. मुलं वेगवेगळी, कोट मात्र एकच, खिशावर तोच शाईचा डाग. तो कोट दाराआड खिळ्याला लटकत होता. खालच्या रांगेत, त्याच कोटात, अंकित. कोर्स करून त्याला लागलेली नोकरी ही होती: माझ्यासारख्यांना त्या खुर्चीत बसवायची. मला शिसारी आली. त्यांची आलीच, पण स्वतःचीही. कारण मी पाटल्या काढायच्या बेतात होते, एक तर सैल करून ठेवली होती.

रिक्षात मी रडले. गुरुजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "थुंकायचं तर थुंक. पण त्या दुकानावर थुंक, शिकण्यावर नको." तेच सर्टिफिकेट सरकारी मुक्त विद्यापीठातून घरबसल्या, पाटल्या न विकता होतं, हे त्यांनीच शोधून काढलं. वर्षभर पुस्तक मधूनच उघडून मला छळलं. पुढे धर्मशाळेच्या विश्वस्तांना व्यवस्थापक हवा होता. त्यांनी कागद मागितला, न वाचताच फायलीत घातला आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. त्या वेळीही मला थोडी किळस आली. गुरुजी म्हणाले, "आली ना? येऊ दे. मरू देऊ नकोस तिला."

मागच्या थंडीत ते गेले. पाठशाळेच्या मुलांनी ओसरीवर बसून पाठ म्हटला, अगदी सुरुवातीपासून. मला ते चुकीचं वाटत राहिलं.

गेल्या आठवड्यात धर्मशाळेत कामाला माणूस हवा म्हणून पाटी लावली, तर अंकित आला. संस्था बंद पडली होती. टाय नव्हता. त्याने मला ओळखलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याच संस्थेचं सर्टिफिकेट काढून पुढे केलं. गुलाबाच्या फवाऱ्याचा वास आल्यासारखं झालं. जा म्हणावंसं वाटलं. जीभ उचललीही होती.

मी तो कागद बाजूला ठेवला. "कल एकादशी है. पचास यात्री आएँगे, सब उपवास वाले. आज शाम को क्या करोगे?"

त्याची कानशिलं लाल झाली. भिंतीवर नजर गेली, तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"साबूदाना," मी म्हटलं, आणि थांबले.