कठड्यावरचा लाल टॉवेल

आमच्या घरी फोन आला खरा, पण तो आमच्या एकट्यांचा कधीच नव्हता. जव्हारच्या आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापलेला असायचा. फोन आला की मी ओट्यावर जाऊन हाक मारायची आणि हाताचं पीठ झटकत कुणीतरी धावत यायचं. माझी चिडचिड व्हायची, पण येणाऱ्याला चहा विचारल्याशिवाय राहवायचंही नाही.

मग मुलगी पडली. सातवीत होती. दिवाळीच्या सुट्टीत चिंचेच्या झाडावर चढली आणि फांदीबरोबर मांडीचं हाडही मोडून घेतलं. नाशिकच्या डॉक्टरांनी कमरेपासून प्लास्टर घातलं. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, “घरी अभ्यास करू दे. वार्षिक परीक्षेत पास झाली तर आठवीत, नाहीतर मात्र वर्ष गेलं.” वर्ष गेलं म्हणजे मैत्रिणी पुढे जाणार, हे तिला वेगळं सांगायला लागलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. दिवसभर माझं डोकं खाणारी पोर गप्प झाली, आणि मी घाबरले.

शिकवणार कोण? हे आश्रमशाळेत मास्तर, शनिवारीच घरी यायचे. मी मोखाड्याला कचेरीत कारकून. जीपमध्ये कोंबून घेऊन घरी येईपर्यंत दिवेलागण व्हायची, आणि गणित म्हटलं की मलाच घाम फुटायचा. पुण्याची माझी बहीण मात्र गणिताची शिक्षिका. तिने आपला जुना कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून पाठवून दिला आणि म्हणाली, “मी इंटरनेटवरून शिकवते.” मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय.

पण शिकवलं तिने. कॉट कॉम्प्युटरपाशी सरकवली. रोज संध्याकाळी फोनची वायर मागे खोचायची, खरखर-किरकिर ऐकत बसायचं आणि लाइन लागली की मावशी-भाची इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायला लागायच्या. पोरगी तिरप्या रेघा टाइप करून त्रिकोण काढायची. मावशीला तो पर्वत वाटायचा. दोघी तिकडे हसायच्या आणि मी स्वयंपाकघरात उगाच डोळे पुसायची.

एकच पंचाईत होती. नेट चालू असलं की फोन बंद. गल्लीतली माणसं येऊन फोनची वाट बघत ताटकळायची. शेवटी मीच ठरवलं: नेट लावलं की ओट्याच्या कठड्यावर लाल टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की फोनसाठी यायचं नाही. गल्लीने हे इतकं मनावर घेतलं की टॉवेल पडला की पोरांचं क्रिकेट पलीकडच्या बोळात जायचं आणि रेडिओसुद्धा बारीक व्हायचे. एका रविवारी मी तोच टॉवेल धुऊन वाळत घातला. दुपारी शेजारची चाची वाटीभर शिरा घेऊन हजर. “सुबे से पढ रही बिचारी! भाभी, थोडा आराम तरी द्या तिला!” पोरगी तेव्हा घोरत होती.

चाचीच्या घरचा धंदा पत्र्याच्या डब्यांचा. दिवसा माझ्या मुलीपाशी तीच बसायची, म्हणून मी मोखाड्याला जाऊ शकत होते. एप्रिलमध्ये तिची लेक मालेगावला पहिल्या बाळंतपणाची होती. चाचीला जाता आलं नव्हतं. फोन येणार तो आमच्याकडेच.

आणि नेमकं गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी चाचीला निरोप आला की तिच्या लेकीला दवाखान्यात नेलंय. मी वायर हातात घेऊन उभी. मुलीच्या डोक्यात गणिताचं एक प्रकरण अजून शिरलं नव्हतं, आणि आमची लाइन एकदा तुटली की पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नव्हता. मुलगीच म्हणाली, “आई, नको लावूस. चाचीचा फोन येईल.” मी वायर ठेवून दिली.

तेवढ्यात चाची आत आली. रिकामा कठडा बघून आली होती. काही न विचारता तिने दोरीवरचा लाल टॉवेल ओढला आणि स्वतःच्या हाताने बाहेर नेऊन टाकला. “फोन उद्या पण येल, भाभी. पोरीचा पेपर परत नाय येनार.” मग कॉटपाशी बसून, एक अक्षर कळत नसताना, तासभर पडद्याकडे बघत राहिली. ओठ मात्र सारखे हलत होते.

नात झाल्याचं तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. जन्म आदल्या संध्याकाळचाच, टॉवेल पडलेला होता तेव्हाचा. माझी मुलगी पास झाली आणि निकाल घेऊन कुबड्यांवर आधी चाचीच्या दारात गेली.

पुढे ती नात सुट्टीत यायला लागली. माझी मुलगी तिला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरवर अक्षरं शिकवायची. तोवर ब्रॉडबँड आलं होतं, नेट चालू असतानाही फोन वाजायचा, आणि आता गल्लीत ज्याच्या त्याच्याकडे मोबाइल होता. तरी चाची न चुकता तो विटलेला टॉवेल कठड्यावर टाकायची. मी हसून म्हटलं, “चाची, आता कशाला?”

“असू दे,” ती म्हणाली. “पोरगी शिकतेय. गल्लीला कळायला नको?”